दूध संकलनाचा सिंक सर्व्हर: एकाच वेळी तुटून पडणारी केंद्रं कशी सांभाळायची

भूम, परंडा, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात गावोगाव दूध संकलन केंद्रं आहेत. केंद्रावर एक कॉम्प्युटर किंवा टॅब असतो. त्याला वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र जोडलेलं असतं. रेंजचा भरवसा नाही, म्हणून शेतकऱ्याचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर आधी तिथल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठतात. संकलन संपलं की ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सर्व्हरला पाठवायचे आणि तिकडून नवं दरपत्रक व सभासदांची यादी खाली ओढायची. यालाच सिंक म्हणतात. कागदावर एवढंच काम. सकाळी साडेआठला मात्र फोन सुरू होतात: "सर, सिंक होईना की. गोल गोल फिरायलंय नुसतं."

यावर नेहमीचा उपाय दोन वाक्यांचा असतो. रॅम वाढवा आणि डेटाबेसची कनेक्शनची मर्यादा १००० करा. आठवडाभर बरं चालतं, मग तेच फोन पुन्हा येतात. सर्व्हर एकूण किती केंद्रं पेलतो याने काम अडत नाही. एका क्षणी किती केंद्रं आत आहेत आणि आत आलेलं प्रत्येक जण काय काय अडवून बसलंय, यावर सगळं ठरतं. पुढचं सगळं लिनक्स, एनजिनएक्स (विनंत्या आधी झेलून ॲप्लिकेशनकडे देणारा वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस, पुढे नुसतं पोस्टग्रेस) धरून लिहिलं आहे. डेटाबेस दुसरा असेल तर नावं बदलतील, क्रम हाच राहील.

आधी हिशेब

समजा २४० केंद्रं आहेत. सकाळचं संकलन आटोपून ती साधारण २० मिनिटांच्या अवधीत सिंक करतात आणि एका सिंकला ४५ सेकंद लागतात. एका वेळी सरासरी किती जण आत असतील? २४० गुणिले ४५, भागिले १२०० सेकंद. उत्तर येतं ९. रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. नऊ जणांसाठी कुणी मोठा सर्व्हर घेत नाही.

पण आपल्याकडे लाईट जाते. फीडर बंद पडला की ९० केंद्रांचे राउटर एकदम मरतात आणि लाईट आली की अर्ध्या मिनिटात सगळे जिवंत होऊन सर्व्हरचं दार ठोठावतात. आता आत ९० जण आहेत. गर्दीमुळे ४५ सेकंदांचं काम तीन मिनिटांवर जातं. तीन मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं, मग केंद्रचालक पुन्हा बटण दाबतो, आणि जुनी विनंती अर्धवट असतानाच नवी येते. ९० चे १८० होतात ते असे.

म्हणून काही बदलायच्या आधी प्रत्येक सिंकची एक ओळ लॉगमध्ये पडू द्या: केंद्र कोड, यंत्र क्रमांक, सुरुवात, शेवट, नोंदी किती, संपलं कसं. चार-पाच दिवसांचा लॉग हाती आला की तुमचे खरे आकडे कळतील. या ओळीवाचून पुढच्या सगळ्या मर्यादा अंदाजाने ठरतात.

कनेक्शन वेगळं, सेशन वेगळं

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. बहुतेक घरगुती सिंक सर्व्हरमध्ये केंद्राने जोडणी केली की एक कनेक्शन उघडतं, त्याच्यामागे डेटाबेसचं एक कनेक्शन धरलं जातं, त्यावर ट्रान्झॅक्शन (सगळं लिहिलं जाईल किंवा काहीच नाही, असा व्यवहार) सुरू होतो आणि शेवटची नोंद येईपर्यंत हे सगळं तसंच उघडं राहतं. गावात रेंज गेली की हा डोलारा कुणाचीतरी वाट पाहत उभा राहतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि माणूस स्टँडवर चहा पीत बसावा, तसा हा प्रकार. गाडी भरलेली दिसते, पण बसलेलं कुणीच नसतं.

सेशन, म्हणजे एका यंत्राचं सिंक सुरू झाल्यापासून संपेपर्यंतची बैठक, ही डेटाबेसमधली एक नोंद असू द्या. तक्त्यात एवढे रकाने पुरतात: टोकन, केंद्र कोड, यंत्र क्रमांक, पिढी क्रमांक (त्याच यंत्राचं नवं सेशन उघडलं की एकाने वाढणारा), सुरुवातीची वेळ, शेवटची हालचाल, मुदत, स्थिती, शेवटचा पोचलेला गठ्ठा. केंद्राने पहिली विनंती केली की टोकन द्यायचं आणि कनेक्शन मोकळं करायचं. नंतर १०० ते २०० नोंदींचा एकेक गठ्ठा स्वतंत्र विनंतीने येईल. सर्व्हरने आधी पूर्ण गठ्ठा उतरवून घ्यायचा, मगच ट्रान्झॅक्शन उघडायचा, लिहायचं, बंद करायचा. ४५ सेकंदांच्या सिंकमध्ये डेटाबेसचं खरं काम काही मिलिसेकंदांचं असतं, बाकी वेळ नेटवर्कवर जातो. तो वेळ डेटाबेसच्या माथी मारायचं कारण नाही.

एका यंत्राचं एका वेळी एकच चालू सेशन, हा नियम कोडमध्ये तपासून भागत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्ही तपासणीतून सुटतात. पोस्टग्रेसमध्ये 'स्थिती चालू असेल तरच' लागू होणारा युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) यंत्र क्रमांकावर बनवता येतो, तोच लावा. नियम यंत्राला लावायचा, केंद्राला नाही. केंद्रावर कॉम्प्युटर असतो आणि सचिवांच्या मोबाईलमध्येही ॲप असतं, दोघांना एकाच वेळी काम करायचा हक्क आहे.

मग त्याच यंत्राने जुनं सेशन चालू असताना नवं मागितलं तर? 'आधीच लॉगिन आहे' म्हणून हाकलू नका. शंभरातल्या बहुतेक वेळा जुनं सेशन मेलेलं असतं. टॅबची रेंज गेली, दुसऱ्या सिमवर आला, आयपी बदलला, सर्व्हरला त्याचा पत्ताही नाही. नव्याला आत घ्या, जुनं बाद करा, पिढी क्रमांक एकाने वाढवा. प्रत्येक गठ्ठ्यासोबत पिढी क्रमांक यायला हवा आणि ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदी लिहिता त्यातच सेशनची ओळ कुलूपबंद करून तो तपासायचा. नेटवर्कमध्ये कुठेतरी अडकलेला जुन्या सेशनचा गठ्ठा दोन मिनिटांनी टपकला, तरी तो दारातच परत जातो.

मुदती

टीसीपी (नेटवर्कची जोडणी सांभाळणारी पद्धत) सांगेल की समोरचा गेला, या भरवशावर राहू नका. लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का, ही विचारणा) चालू केलं तरी मूळ सेटिंगनुसार पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ विचारणा. मेलेला क्लायंट मेला हे कळायला सव्वादोन तास लागले तर तोवर सकाळची सगळी गर्दी येऊन गेलेली असेल.

सेशनला ९० सेकंदांची मुदत द्या. प्रत्येक गठ्ठ्यागणिक ती पुढे सरकते. मुदत सर्व्हरच्याच घड्याळाने मोजा. टाइमआउटची उतरंड आतून बाहेर वाढत जायला हवी: डेटाबेसचा स्टेटमेंट टाइमआउट (एका हुकुमाला दिलेली मुदत) १० सेकंद, ॲप्लिकेशनचा १५, एनजिनएक्सचा २० (तो मुळात ६० असतो), टॅबवरच्या ॲपचा ३०. हे उलटं असेल तर टॅब कंटाळून निघून जातो आणि आत डेटाबेस कुणालाही नको असलेलं काम करत बसतो. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडा ठेवून नुसतं बसलेल्या कनेक्शनला बाहेर काढणारी सेटिंग ९.६ आवृत्तीपासून आहे. ती मुळात बंद असते. आजच चालू करून १० सेकंद ठेवा. एवढ्या एका ओळीने अर्धी रडगाणी थांबलेली पाहिली आहेत.

दारावर किती जण

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची एक स्वतंत्र प्रोसेस. मूळ मर्यादा १०० असते. ती १००० केली तर चार कोअरच्या मशीनचे कोअर काही वाढत नाहीत, फक्त एकमेकांच्या पायात पाय घालणारे वाढतात. सुरुवातीला कोअरच्या दुप्पट आणि वर दोन-चार, एवढीच खरी कनेक्शन ठेवा. चार कोअरला दहा-बारा झाली. मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन अनेकांना वाटून देणारा मध्यस्थ) बसवा, ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवा. तो ६४३२ पोर्टवर बसतो. त्याच्या क्लायंटची मूळ मर्यादाही १०० च असते, ती वाढवायला लोक विसरतात आणि मग पोस्टग्रेसला शिव्या घालतात.

ट्रान्झॅक्शन पद्धतीत एक अट पाळावी लागते. कनेक्शन प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर दुसऱ्याच्या हाती जातं, म्हणून डेटाबेस कनेक्शनभर टिकणारी, प्रोग्रामने स्वतः ठरवून लावलेली ॲडव्हायजरी कुलुपं आणि लिसन-नोटिफाय (डेटाबेसकडून सूचना मिळवायची सोय) वापरता येत नाहीत. कुलूप हवंच असेल तर ट्रान्झॅक्शन संपताच आपोआप सुटणारं घ्या.

त्याच्या वर ॲप्लिकेशनच्या दारात मोजणी: एका वेळी ४० सेशन. एकेचाळिसाव्याला रांगेत तिष्ठत ठेवू नका, त्याला लगेच ५०३ ('सध्या सेवा देता येत नाही') उत्तर द्या आणि रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये किती सेकंदांनी यायचं ते सांगा. एकच टॅब वेड्यासारखा धडकत असेल तर त्याला ४२९ ('फार विनंत्या') द्या, म्हणजे लॉग वाचताना दोष गर्दीचा की त्या टॅबचा हे वेगळं दिसेल. लगेच मिळालेला नकार दोन मिनिटं गोल फिरणाऱ्या चाकापेक्षा स्वस्त पडतो. आमच्या उदाहरणातले ९० जण ४० च्या दारातून तीन फेऱ्यांत जातात. ४५ सेकंदांच्या तीन फेऱ्या, सव्वादोन मिनिटं. सगळ्यांना एकदम आत घेतलं असतं तर याहून जास्त वेळ गेला असता.

ही मोजणी आयपी पत्त्यावर करू नका. मोबाईल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. एनजिनएक्समध्ये आयपीमागे पाच कनेक्शनची मर्यादा घातली की एका केंद्राचं सिंक होतं आणि शेजारच्या गावाला विनाकारण नकार मिळतो. मर्यादा यंत्र क्रमांकावर लावा.

फाइल डिस्क्रिप्टरची (एका प्रोसेसला उघड्या ठेवता येणाऱ्या फाइली आणि कनेक्शनची) मर्यादाही बघून ठेवा, प्रोसेसला ती बहुधा १०२४ असते. एनजिनएक्स मध्यस्थ म्हणून चालताना एका क्लायंटमागे दोन कनेक्शन खर्च करतो, एक केंद्राकडचं आणि एक ॲप्लिकेशनकडचं.

लाईट आल्यावर

सर्व्हर कितीही सुधारला तरी ९० जणांनी एकाच सेकंदाला यायचं हे टॅबवरच मोडावं लागतं. पुन्हा प्रयत्न करायचा अवधी दर वेळी दुप्पट होऊ द्या: ५, १०, २०, ४० सेकंद, जास्तीत जास्त १० मिनिटं. पण नुसतं दुप्पट करून भागत नाही, सगळे एकत्र पाचव्या सेकंदाला आणि एकत्र दहाव्या सेकंदाला येतील. शून्य ते त्या अवधीपर्यंतचा कुठलाही आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. सर्व्हरही रिट्राय-आफ्टरमध्ये सगळ्यांना ३० सांगत असेल तर तीच गर्दी ३० सेकंद पुढे ढकलली जाते. तिथेही २० ते ९० मधला कुठलाही आकडा द्या. लाईट आल्यानंतरचा पहिला प्रयत्नही लगेच नको, दोन मिनिटांच्या आत कधीही.

आधी काय पाठवायचं हेही ठरवा. संकलनाच्या नोंदी छोट्या आणि मोलाच्या, त्या आधी वर जाऊ द्या. दरपत्रक आणि सभासद यादी मोठी असते, ती आवृत्ती क्रमांक बदलला असेल तरच खाली ओढायची. रोज सकाळी २४० केंद्रांनी तेच दरपत्रक नव्याने उतरवणं ही उधळपट्टी आहे.

लाईटीची आणखी एक खोड. जुन्या कॉम्प्युटरची घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी संपलेली असते. लाईट जाऊन आली की तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्व्हरची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून जोडणीच नाकारली जाते. केंद्रावरून फोन येतो की सर्व्हर बंद आहे, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या केंद्राचा मागमूस नसतो. अशा वेळी सर्व्हर तपासत बसण्याआधी केंद्रचालकाला घड्याळ वाचून दाखवायला सांगा.

तीच नोंद दोनदा

वडगावच्या केंद्रावरून १२.५ लिटर, फॅट ४.१ ची नोंद आली. सर्व्हरने लिहिली, पोच पाठवली, आणि पोच वाटेत हरवली. टॅबला वाटतं गेली नाही, तो पुन्हा पाठवतो. दहा दिवसांच्या बिलात त्या शेतकऱ्याला २५ लिटरचे पैसे. कमी आलेले पैसे शेतकरी सांगायला येतो, जास्तीचे हिशेबनिसालाच शोधावे लागतात.

उपाय जुना आणि पक्का आहे. नोंद तयार होते त्याच क्षणी टॅबवर तिला यूयूआयडी (पुन्हा कुठेही न येणारा लांब ओळख क्रमांक) द्यायचा, सर्व्हरवर त्यावर युनिक इंडेक्स, आणि लिहिताना 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग', म्हणजे नोंद आधीच असेल तर काहीच करायचं नाही. ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. दुसऱ्यांदा आलेल्या नोंदीलाही उत्तर 'पोचली' असंच द्या. चूक म्हणून परत केली तर टॅब ती जन्मभर पाठवत राहील. शेतकरी, तारीख आणि वेळ मिळून किल्ली बनवायचा मोह होतो, तो टाळा. एकच शेतकरी सकाळी गायीचं आणि म्हशीचं वेगवेगळं दूध घालतो, कधी मागून दुसरी किटलीही येते.

सिंक चालू असताना शेतकऱ्याच्या एकूण बाकीचा आकडा बदलत बसू नका. संगणक आणि मोबाईल एकाच केंद्राच्या त्याच शेतकऱ्यांच्या ओळी उलटसुलट क्रमाने धरतात आणि डेडलॉक होतो, म्हणजे दोघंही एकमेकांची वाट पाहत अडकतात. बेरीज नंतर करा. करणं भागच असेल तर गठ्ठा शेतकरी कोडनुसार लावून घ्या.

क्रमांकातली फट

हे दुखणं महिनोनमहिने लपून राहतं, म्हणून थोडं सावकाश. खाली ओढणारा क्लायंट, मग तो शीतकरण केंद्राचा असो की मुख्य कार्यालयाचा, 'मी ५००० पर्यंत वाचलं, पुढचं दे' असं म्हणतो. क्रमांक सीक्वेन्समधून, म्हणजे पुढचा-पुढचा आकडा देणाऱ्या डेटाबेसच्या मोजणीतून येतो. एकामागून एक सेशन असतील तर यात काही खोट नाही.

आता दोन सेशन एकत्र चालू आहेत. पहिल्याने ५००१ क्रमांक घेतला, पण त्याचा ट्रान्झॅक्शन अजून कमिट, म्हणजे पक्का, झालेला नाही. दुसऱ्याने ५००२ घेतला आणि लगेच कमिट केला. त्याच क्षणी कार्यालयाने वाचलं. त्याला ५००२ दिसला, ५००१ दिसला नाही. त्याने लिहून ठेवलं, '५००२ पर्यंत झालं'. अर्ध्या सेकंदाने ५००१ कमिट झाला. तो आता डेटाबेसमध्ये सुखरूप आहे, केंद्राच्या टॅबवर हिरवी खूण आहे, आणि कार्यालयाला तो कधीच मिळणार नाही. बदलाची वेळ वापरली तरी हेच होतं, कारण पोस्टग्रेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाला ती वेळ देतं, संपला ती नाही.

सोपा उपाय म्हणजे दर वेळी शेवटच्या दोन-पाच मिनिटांच्या नोंदी पुन्हा वाचायच्या. यूयूआयडी असल्यामुळे दुबार काही लिहिलं जात नाही. वर सांगितलेल्या टाइमआउटमुळे कुठलाही ट्रान्झॅक्शन इतका वेळ जगणार नसेल तर हे पुरतं आणि छोट्या संघाने हेच करावं. पक्का उपाय पोस्टग्रेस १३ पासून सोपा झाला आहे. प्रत्येक नोंदीसोबत पीजी_करंट_एक्सअ‍ॅक्ट_आयडी ने मिळणारा ट्रान्झॅक्शन क्रमांक साठवायचा. वाचताना पीजी_स्नॅपशॉट_एक्समिन पेक्षा लहान क्रमांकाच्याच नोंदी द्यायच्या, म्हणजे ज्यांच्या मागे कुणी चालू राहिलेलं नाही अशाच. खूण म्हणून ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि नोंद क्रमांक ही जोडी ठेवायची, क्रमही त्याच जोडीने लावायचा. याची किंमत अशी की लिहिणारा एखादा ट्रान्झॅक्शन कुठे लटकला तर तो सुटेपर्यंत सगळ्यांचं वाचन थबकतं. पण नोंद हरवण्यापेक्षा उशिरा मिळणं परवडलं.

नजर ठेवणं आणि तालीम

सकाळी गर्दीच्या वेळी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हा पोस्टग्रेसमधल्या चालू कनेक्शनचा तक्ता उघडा आणि स्थितीनुसार मोजा. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' चा (ट्रान्झॅक्शन उघडा ठेवून नुसत्या बसलेल्यांचा) आकडा शून्याच्या आसपास हवा. दुसरा आकडा दारातून परत गेलेल्यांचा. तो अधूनमधून वाढणं चांगलं लक्षण आहे, दार काम करतंय. तिसरा, प्रत्येक केंद्राचं शेवटचं यशस्वी सिंक कधीचं. हा तक्ता फोन येण्याआधी कळवतो.

तालीम करायची असेल तर दुसऱ्या मशीनवरून ९० खोटे क्लायंट अर्ध्या मिनिटात सोडा. ऑफिसच्या वायफायवरून केलेली चाचणी काहीच सांगत नाही. लिनक्सच्या नेटएम या खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सोयीने ३०० मिलिसेकंदांचा उशीर आणि पाच टक्के पॅकेट गळती घाला, मग वाडीवरचं नेटवर्क कसं असतं ते कळेल. मध्येच दहा-वीस क्लायंट निरोप न घेता मारून टाका आणि ९० सेकंदांनी त्यांची सेशन बाद होतात का ते पाहा. नवी आवृत्ती चढवायची असेल तर दुपारी अकरा ते चारच्या मधे. आधी नवी सेशन घेणं थांबवा, चालू असलेली संपू द्या, मग सर्व्हर बंद करा.

शेवटचं काम टॅबच्या स्क्रीनवर. 'त्रुटी ५०३' वाचून केंद्रचालकाने काय करावं अशी अपेक्षा आहे? तो बटणच दाबणार. तिथे लिहा: '३८ नोंदी टॅबमध्ये सुरक्षित आहेत. सर्व्हरवर गर्दी आहे. पुढचा प्रयत्न १ मिनिट २० सेकंदांनी आपोआप होईल.' खाली 'आत्ता पाठवा' हे बटण असू द्या, पण ते एकदाच चालेल आणि तो अवधी संपेपर्यंत राखाडी राहील.